बेअर अ‍ॅक्ट, कॉमेंटरी की गाइड? कोकणात एलएलबी करणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की पुस्तकांच्या दुकानात एकच प्रश्न पडतो: बेअर अ‍ॅक्ट घ्यावा, जाडजूड कॉमेंटरी घ्यावी, की गाइडवर भागवावं? (बेअर अ‍ॅक्ट म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, कॉमेंटरी म्हणजे निकालांसह केलेलं विवेचन, गाइड म्हणजे परीक्षेपुरत्या तयार नोट्स.) राजापूर, लांजा, गुहागरहून एसटीने रत्नागिरीला ये-जा करणाऱ्या मुलांकडे पैसाही मोजका असतो आणि वेळही. त्यात अनेकांचं शिक्षण मराठी माध्यमातलं. माझं मत आधीच सांगते. फौजदारी कायद्यासाठी बेअर अ‍ॅक्ट, जमिनीच्या कायद्यासाठी बेअर अ‍ॅक्टच्या जोडीला कॉमेंटरी, आणि गाइड परीक्षेच्या तोंडावर.

चोरीचं एक कलम, दोन पुस्तकांतून

भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या फौजदारी कायद्याचं, कलम ३०३ घ्या. गाइडमध्ये चोरीचे पाच घटक मिळतात: जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, संमतीचा अभाव, अप्रामाणिक हेतू आणि वस्तू हलवणं. पाठ करायला सोपं, आणि पाच मार्कांच्या प्रश्नाला पुरतंही.

आता प्रश्न असा आला: शेजाऱ्याच्या बागेत शिरून एकाने झाडावरचे हापूस काढले. झाड जमिनीला जोडलेलं, आंबा झाडाला. जमिनीला जोडलेली वस्तू जंगम नसते. मग चोरी झाली कशी? पाच घटक इथे अडकतात. बेअर अ‍ॅक्टमध्ये मात्र कलमाखालीच स्पष्टीकरणं आहेत. पहिलं सांगतं, की वस्तू जमिनीला जोडलेली असेतोवर तिची चोरी होऊ शकत नाही, पण तोडताक्षणी होऊ शकते. दुसरं सांगतं, की ज्या कृतीने ती तुटली त्याच कृतीने ती हललीही असेल, तर तेवढं हलवणं चोरीला पुरेसं आहे. म्हणजे हेतू अप्रामाणिक असेल तर देठ तुटला तिथेच गुन्हा पूर्ण झाला. आंबे पिशवीत गेले का, माणूस गडगा ओलांडून बाहेर पडला का, हे बघायचं कारणच उरत नाही.

पुढे खालची उदाहरणंही वाचा, ती कायद्याचाच भाग आहेत. शेवटच्या उदाहरणात, दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू आपलीच आहे असं प्रामाणिकपणे समजून नेणाऱ्याने चोरी केलेली नाही, असं म्हटलंय. आपल्याकडे सामायिक बागा आणि न झालेल्या वाटण्या गावोगाव आहेत. ‘ते झाड आमच्या हिश्श्यातलं’ हे वाक्य पोलीस ठाण्यात किती वेळा ऐकू येत असेल! त्या बचावाचं मूळ या एका उदाहरणात आणि कलम २ मधल्या ‘अप्रामाणिकपणे’च्या व्याख्येत आहे. गाइडमध्ये हेच सहसा जागेअभावी गळतं.

आणखी दोन गोष्टी मूळ मजकुरातच नीट दिसतात. कलम ३०३ च्या शिक्षेला नवं परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, जोडलंय: चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम लागतात. दुसरी गोष्ट जंगम मालमत्तेच्या व्याख्येतली. जुन्या दंड संहितेत ती मूर्त मालमत्तेपुरती होती, नव्या संहितेत ही मर्यादा काढली आहे. यावर उद्या न्यायालयात वाद होणारच, आणि दोन्ही व्याख्या शेजारी ठेवून वाचलेल्या मुलाला तो वाद लगेच कळेल.

सीनियरकडून मिळालेलं जुन्या दंड संहितेचं पुस्तक टाकून मात्र देऊ नका. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० चीच संहिता लागू आहे, आणि असे खटले अजून बरीच वर्षं चालतील. जुनी ५११ कलमं आणि नवी ३५८ यांचा तक्ता स्वतः हाताने करा. छापील तक्त्यात कलमांचे नंबर मिळतात; मजकूर कुठे बदलला ते वाचल्यावरच कळतं.

कूळकायद्यापुढे बेअर अ‍ॅक्ट एकटा पुरत नाही

इथे माझं पारडं फिरतं. १९४८ चा कूळवहिवाट कायदा नुसता बेअर अ‍ॅक्ट घेऊन वाचायला बसलात तर अर्ध्या तासात वाट चुकते. कलम ३२ म्हणतं, की १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषक दिनाला, कुळाने जमीन खरेदी केली असं मानलं जाईल. वाचून वाटतं, संपला विषय. पण मुळात कूळ कोण? त्यासाठी कलम ४ कडे जायचं: दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, पण मालकाच्या कुटुंबातला नाही, मजुरीवरचा गडी नाही आणि ताबा घेतलेला गहाणदारही नाही. हे ठरवणार कोण? कलम ७० प्रमाणे मामलतदार, म्हणजे आजचा तहसीलदार. दिवाणी न्यायालयात चालू दाव्यात हा मुद्दा निघाला तर? कलम ८५ आणि ८५-अ बघायचं, दावा थांबवून मुद्दा तहसीलदाराकडे पाठवायचा. किंमत ठरणार ३२-ग खाली. कलमं अशी विखुरलेली आहेत, आणि त्यांना जोडणारा धागा निकालांमध्ये आहे. तो धागा कॉमेंटरी हातात देते.

सातबाऱ्याचंही तसंच. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नाव आहे म्हणून माणूस कूळ ठरलाच, किंवा नाव नाही म्हणून नाहीच, असं म्हणता येत नाही. किती पुरावा दिला की ते गृहीतक मोडतं, हे कलमात लिहिलेलं नाही. शिवाय कोकणातल्या जुन्या फेरफारांत खोत, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणारा वतनदार, भेटतो. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा काय करून गेला, हे माहीत नसेल तर त्या नोंदी वाचताच येत नाहीत. चांगल्या कॉमेंटरीत ही पार्श्वभूमी मिळते.

मात्र कॉमेंटरीची आवृत्ती बघून घ्या. कूळकायद्याच्या कलम ४३ मध्ये २०१४ साली दुरुस्ती झाली. कुळाने केलेल्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर जमीन महसुलाच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा (शासनाला द्यायची रक्कम) भरून आणि इतर अटी पाळून जमीन विकता येते, पूर्वपरवानगी लागत नाही. जुन्या कॉमेंटरीत इथे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवर पानंच्या पानं मिळतील. तुमच्या गावात कोणी ‘कुळाची जमीन घ्यावी का’ विचारलं, तर त्या पानांवरून दिलेला सल्ला चुकेल. कॉमेंटरी महाग असते, हजारांत जाते, म्हणून विकत घेण्यापेक्षा कॉलेजच्या किंवा बार असोसिएशनच्या ग्रंथालयात बसून वाचा, आणि बेअर अ‍ॅक्ट तेवढा स्वतःचा ठेवा.

अधिसूचना: सारांशावर विसंबू नये असा मजकूर

सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) हा स्वतंत्र कायदा नाही. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेली ती अधिसूचना आहे, आधी २०११ ची आणि मग १८ जानेवारी २०१९ ची. किनाऱ्यावर होमस्टे काढणाऱ्या प्रत्येकाला ‘आता पन्नास मीटरच सोडायचे’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. मूळ मजकूर वाचा. पन्नास मीटरची सवलत आहे ती २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागाला. बाकीच्या ग्रामीण किनाऱ्याला २०० मीटरच. आणि दाट वस्तीच्या भागालाही नव्या अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच ती लागू होते. तोवर २०० मीटर कायम. सवलत आणि ही अट एकाच वाक्यात आहेत. ‘अन्यथा’ने सुरू होणारा शेवटचा भाग सारांशात गळतो आणि माणसाचं बांधकाम अडकतं.

निकाल पूर्ण वाचावा की हेडनोट?

हेडनोट, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश, संपादकाने लिहिलेली असते, ती निकालाचा भाग नाही. निकाल शोधायला ती उत्तम, पण आधार म्हणून देता येत नाही. ललिता कुमारी खटल्यात (२०१३) पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. हेडनोट वाचणारा इथेच थांबतो. पूर्ण निकालात प्राथमिक चौकशी कोणत्या प्रकारच्या प्रकरणांत करता येईल, तेही आहे. शिवाय आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(३) ने वेगळी वाट दिली आहे: तीन वर्षं किंवा अधिक, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी. निकाल आणि नवं कलम दोन्ही वाचल्याशिवाय आजचं उत्तर पूर्ण होत नाही. सुरुवात मात्र केशवानंद भारतीपासून करू नका. घटनेच्या मूलभूत चौकटीवरचा तेरा न्यायमूर्तींचा तो निकाल पहिल्या वर्षी धीर खचवतो. अर्नेश कुमार (२०१४) हा अटकेवरचा निकाल छोटा आणि स्वच्छ आहे, तो आधी घ्या. ई-एससीआर पोर्टलवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मोफत मिळतात.

मराठी की इंग्रजी?

दोन्ही. तालुका न्यायालयात कामकाज मराठीत चालतं. अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. म्हणजे उच्च न्यायालय मुंबईपेक्षा जवळ आलंय, आणि तिथे उभं राहायचं तर इंग्रजी मजकुराची भीती जायलाच हवी. पहिली दोन सत्रं द्विभाषी आवृत्ती वापरा: कलम आधी इंग्रजीत वाचा, अडलात तर मराठीत बघा. केंद्रीय कायद्याचा शासनाने प्रसिद्ध केलेला प्राधिकृत मराठी पाठ आणि एखाद्या प्रकाशकाने करून घेतलेलं भाषांतर यांत फरक असतो, मुखपृष्ठाच्या आतलं पान बघून घ्या.

गाइडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तराची मांडणी यासाठी ते उपयोगी आहे.

शेवटी खरेदीचं. बेअर अ‍ॅक्टच्या दोन प्रती परवडत असतील तर घ्या. एकीत पेन्सिलीने हवं तेवढं लिहा, दुसरी कोरी ठेवा. पुढे वकिलीची सनद घेताना अखिल भारतीय बार परीक्षेला बेअर अ‍ॅक्ट नेता येतो, पण टीपा नसलेलाच.