११५० डॉलर आणि एक स्टिकर

लिहू की नको असं तीन आठवडे चाललं होतं. लाज वाटते हो. पण परवा कळलं की ओळखीतलाच एकजण सेकंडहँड ग्रॅव्हल सायकल (खडीच्या रस्त्यावर चालणारी, खाली वळलेल्या हँडलची) बघायला निघालाय, म्हटलं जाऊदे, हसतील तर हसतील.

मी पिट्सबर्गला राहतो. इथून कंबरलंडपर्यंत जुन्या रेल्वेलाईनवर केलेला ट्रेल आहे, ग्रेट अलेगेनी पॅसेज, १५० मैल. रूळ कधीच उखडलेत, त्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलीय. आम्ही चौघांनी ऑक्टोबरमध्ये कंबरलंडहून निघून चार दिवसांत घरी यायचं ठरवलं. माझ्याकडे जुनी रोड सायकल, २५ चे टायर, म्हणजे २५ मिलिमीटर रुंद. कोरड्यात चालून जाईल पण पाऊस पडला की त्या खडीचा राडा होतो, बारीक टायर रुततो, चेनला लगदा चिकटतो. म्हणजे ३८-४० चे टायर हवेत, डिस्क ब्रेक हवेत, फ्रेमला कॅरियर आणि मडगार्डसाठी भोकं हवीत. सस्पेन्शन बिस्पेन्शन काही लागत नाही, आगगाडी चढायची तो रस्ता, चढ दोन टक्क्यांच्या आतच. कंबरलंडहून पहिले २४ मैल चढायचे की २३९२ फुटांवरची ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड, म्हणजे पाणलोटाची रेषा आली, पुढे बहुतेक सगळा उतार. खरं सांगायचं तर सातआठशे डॉलरची नवी साधी हायब्रिड, सरळ हँडलवाली, आरामात चालली असती. बायको हेच सांगत होती. पण मला खाली वळलेलं हँडलच पाहिजे होतं ना.

जाहिरात दिसली, माझ्याच साइजची ५४, टायर ४० चे, किंमत १४०० डॉलर. निम्म्या किमतीत असती तर मलाही संशय आला असता, एवढा बावळट नाही मी. माणूस गोड बोलणारा, डेन्व्हरला शिफ्ट होतोय म्हणाला, बरेच लोक विचारतायत, १५० ॲडव्हान्स पाठव म्हणजे तुझ्यासाठी ठेवतो. पाठवले. (हो, माहितीये. काही बोलू नका.) भेटायचं कुठे तर ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये. घरी सामानाची पॅकिंग चाललीये म्हणे.

आता खरा मुद्दा. मी सायकल नीट बघितली हो, चाकं फिरवली, ब्रेक दाबले, पार्किंगला दोन चकरा मारल्या. मग सहज विचारलं, टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) आहेत तर सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं ते द्रव, शेवटचं कधी भरलंस? तो म्हणाला, कुठलं सीलंट? जो माणूस वर्षभर ट्यूबलेस सायकल चालवतोय त्याला सीलंट माहीत नाही! दर काही महिन्यांनी भरावं लागतं ते. आणि मी काय केलं, तर मीच त्याला समजावून सांगितलं सीलंट म्हणजे काय ते. वर सायकल उलटी केली तेव्हा बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या भागाच्या खाली, जिथे बहुतेक फ्रेमचा सिरियल नंबर असतो, बरोब्बर तिथे एक जाडजूड काळा स्टिकर. खडी लागून रंग उडू नये म्हणून लावलाय म्हणाला. मला पटलं! पटलं म्हणजे, दुसऱ्याच्या वस्तूचा स्टिकर कसा काय खरवडायचा, बरं दिसत नाही, ही आपली मध्यमवर्गीय भीड. एक नख लावलं असतं तर वाचलो असतो. त्याऐवजी मी घासाघीस करत बसलो, ११५० ला सौदा ठरवला, उरलेले १००० तिथेच फोनवरून पाठवले आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, २५० वाचवले.

वर टायर नवे ११२ चे, कॅरियर ६८, मडगार्ड ५४. एकूण १३८४ डॉलर. दोन आठवडे बोस्टनपर्यंत चकरा मारल्या (ते बोस्टन नव्हे, ट्रेलवरचं आमचं पिटुकलं बोस्टन) आणि पायडलपाशी करकर यायला लागली. दुकानात नेली, मेकॅनिकने उलटी केली, स्टिकर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता सोलून काढला. नंबर बाइक इंडेक्सवर टाकला, म्हणजे चोरीच्या सायकलींची नोंद असते त्या वेबसाइटवर. दोन महिन्यांपूर्वी चोरीला गेलेली. एक मिनिटही लागलं नाही त्याला.

पुढे मी स्वतःहून पोलिसांकडे गेलो, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पहिल्या ठिकाणी सांगितलं चोरी दुसऱ्या गावात नोंदली आहे, तिकडे जा. तिकडे अर्धा दिवस बसवलं, मग एकाने विचारलं पावती कुठे, त्याचं आयडी बघितलंस का, आणि असं बघत होता की चोर मीच. सायकल ठेवून घेतली, ते बरोबरच आहे, चोरीचा माल आपला होत नाही, मूळ मालकाला मिळाली याचं वाईट नाही वाटत. पण माझ्याकडे त्या माणसाचा फोन नंबर होता, त्याचे सगळे मेसेज होते, पैसे गेले त्या खात्याचं नाव होतं! सगळं प्रिंट काढून दिलं. त्या फाइलला कुणी हात तरी लावलाय का देव जाणे. तीन वेळा फोन केला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. बँकेने ४० मिनिटं गाणी ऐकवली आणि सांगितलं पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तेव्हा ही फसवणूक आमच्यात बसत नाही. मग कुणात बसते? खिशातून कुणी काढून नेले असते तर तुम्ही दिले असते, मी विश्वासाने दिले म्हणून नाही! जाहिरातीच्या साइटने तर प्रोफाइल उडवून मला लिहिलं, तुमचा अनुभव कसा होता, पाच पैकी तारे द्या.

जायच्या आधीच सिरियल नंबरचा फोटो मागा, कां कूं केली की विषय संपला. ॲडव्हान्स एक डॉलरही नाही. त्याच्या घराच्या दारात भेटा. आणि सायकलबद्दल मूर्खासारखे प्रश्न विचारा, गिअर कधी बदलले, टायरमध्ये हवा किती ठेवतोस, ज्याची सायकल असते तो यावर तासभर बोलतो. जुनीच हवी असेल तर दुकानातली घ्या, शेदोनशे जास्त जातील, जाऊ देत.

ऑक्टोबरला मी भाड्याची हायब्रिड घेऊन जातोय, सरळ हँडलवाली. कॅरियर आणि मडगार्ड माझे आहेत, १२२ डॉलरचे, पावतीसकट, ते तरी काढून द्या म्हणून काल पोलिसांना परत फोन केला. व्हॉइसमेल भरलेला आहे म्हणे.