ई-रीडर: डोळ्यांना सुख, मराठीची आबाळ

साठीला टेकलेल्या आणि रोज तास-दोन तास वाचणाऱ्या प्रत्येकाने ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठीचं हातात मावणारं यंत्र, घ्यावा, असं मी मैत्रिणींना सांगत असते. फक्त मराठीच वाचणारी कुणी असेल तर मात्र जरा थांबते.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीत. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी तळमजल्यावर आलं आणि कपाटाचे खालचे दोन खण गेले. पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली. उन्हात वाळवली तरी पानं सुटेनात. त्यानंतर मुलाने हा ई-रीडर आणून दिला. पडदा 6 इंची, जागा 16 जीबी. माझं अख्खं कपाट मावून वर जागा उरेल.

याचा पडदा मोबाईलसारखा नाही. ई-इंक म्हणतात त्याला. आत केसाएवढ्या बारीक कुप्या, त्यांत पांढरे आणि काळे कण. विजेच्या भाराने कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की टिकून राहायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. पावसाळ्यात लाईट गेली की मोबाईल जपून वापरावा लागतो; याची काळजीच नाही. रंकाळ्यावर बसून वाचताना ऊन थेट पडद्यावर आलं तरी अक्षर उलट जास्तच ठळक दिसतं.

खरा उपयोग झाला तो सासूबाईंना. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी पुस्तकातलं बारीक अक्षर लागेना, मोठ्या टायपातली पोथी सोडली तर वाचन बंदच पडलं होतं. मी अक्षर वाढवत वाढवत ओळीत चारच शब्द मावतील एवढं केलं. "आता दिसतंय गं. आता हात लावू नको त्याला," म्हणाल्या. वजन इतकं कमी की आडवं पडूनही त्यांना धरवतो. जाडजूड कादंबरी त्यांच्या मनगटांना पेललीच नसती.

आता मराठीचं. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. शाळेत जे गिरवलं त्याला सरावलेल्या डोळ्यांना ते खटकतं. काही पुस्तकांत 'तऱ्हा', 'दऱ्या' असे शब्द फुटलेले आहेत, अर्धा र पुढच्या अक्षराला जुळतच नाही. आपल्याकडची बरीच पुस्तकं युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर अक्षर सारखंच ओळखलं जावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉण्टमध्ये जुळवलेली. ती बदलून घेताना अक्षरं सांडतात, आणि नंतर मुद्रितं तपासायला कुणी बसत नाही. पैसे घेऊन विकलेल्या पुस्तकात हे चालवून घेता कामा नये. इंग्रजी शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ समोर येतो. मराठीला माझ्या यंत्रात ती सोयच नाही.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ तर यावर वाचूच नयेत. तिथे पान म्हणजे नुसता फोटो. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे सरकवत बसायचं. ज्यांना तेच वाचायचं आहे त्यांनी 10 इंचीच बघावा.

करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी मी चालूच ठेवली आहे. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे ते, आणि मला हवी असलेली कितीतरी मराठी पुस्तकं अजून ई-स्वरूपात निघालेलीच नाहीत. शिवाय कपाटातलं पुस्तक शेजारच्या काकूंना सहज देता येतं. विकत घेतलेलं ई-पुस्तक द्यायचं तर अख्खं यंत्रच द्यावं लागतं, आणि ते सासूबाईंच्या उशाशी असतं.

घेणाऱ्यांनी दुकानात इंग्रजी पान बघून भुलू नये. मराठी पुस्तक उघडायला लावा, अक्षर सगळ्यात मोठं करा आणि जोडाक्षरं नीट बघा. पडद्याचा उजेड पिवळसर करता येतो का तेही विचारा; रात्री वाचणाऱ्याला त्याने फार फरक पडतो.