पिकअपच्या हौद्यात लाइट बसवताय? रिले खरंच बसलाय का, ते आधी बघा

एकूण १५,३५० रुपये गेले. त्यातले ९,५५० थेट लाइट बसवणाऱ्या भामट्याच्या खिशात, ४,६०० त्याने करून ठेवलेली घाण निस्तरायला आणि १,२०० व्यापाऱ्याने भाड्यातून कापले. "एवढ्याशा पैशासाठी कशाला डोकं लावतो, सोडून दे" असं घरचे आणि यार्डातले सगळे सांगून झालेत. सोडणार नाही. माझ्या हौद्याखाली जी वायर वितळली, ती ताडपत्रीच्या टोकापासून वीतभरही लांब नव्हती. पैशांपेक्षा हा राग जास्त आहे.

आपल्याकडे हौद्यात लाइट का लागतात हे पालेभाजी वाहणाऱ्याला सांगायला नको. नाशिकच्या मार्केट यार्डात पालेभाज्यांचे लिलाव संध्याकाळी. कोथिंबीर, मेथी, शेपू लिलाव होऊन गाडीत भरेपर्यंत अंधार पडतो आणि मध्यरात्रीच्या आत मुंबईच्या वाटेवरचा कसारा घाट उतरायचा असतो. मोबाइलचा टॉर्च दातात धरून जुड्या मोजल्या की हिशोबात पन्नास-शंभर जुड्यांचा घोळ होतोच, आणि तो ड्रायव्हरच्याच माथी बसतो. म्हणून दोन्ही कडेला एलईडी पट्टी मारायची ठरवली. हौस म्हणून नाही. निळ्या-जांभळ्या लाइटा लावून मिरवणारा मी नव्हे.

नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे हायवेलगत एक दुकान आहे. नाव लिहीत नाही, उद्या माझ्यावरच नोटीस यायची. दर्शनी भागात मोठा फळा, त्यावर जाड तांब्याच्या वायरीचे तुकडे, रिले (छोट्या स्विचवरून बॅटरीचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), फ्यूज होल्डर असं सगळं व्यवस्थित स्क्रूने लावलेलं. "दादा, आपण लोकल काम करतच नाही, हे बघा" म्हणत त्याने फळ्यावरची वायर माझ्यासमोर सोलून दाखवली. लाल तांबं. आता कळतं की तो फळा दाखवण्यापुरताच आहे. फळ्यावरचं गाडीत जात नाही.

त्याने लिहून दिलेला हिशोब असा: एलईडी पट्टी ३,२००, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १,३५०, रिले आणि फ्यूजचा सेट ८५०, स्विच २५०, स्लीव्ह आणि रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून लावायची कडी) ३००, मजुरी १,७००. झाले ७,६५०. घासाघीस केली तर म्हणाला, "शेठ, बाहेर चार हजारात होतं, पण ते लोक टेललाइटच्या वायरीला जोड मारून मोकळे होतात. गाडी पेटली की मग रडत येतात." बघा, स्वतः काय करणार होता ते त्याने तोंडाने सांगितलं आणि त्याचेच जादा पैसे घेतले!

दुपारी गाडी लावली. "दोन-अडीच तास लागतील, कशाला उन्हात थांबता, चहा-नाश्ता करून या." हे वाक्य ऐकलं की तिथून हलू नका. खुर्ची मागा, नाही दिली तर फाळक्यावर बसा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं फिरतं. परत आलो तेव्हा तो स्वतः ड्रायव्हर सीटवर बसलेला, इंजिन चालू, पार्किंग लाइट चालू. "बघा दादा", स्विच दाबला, हौदा लख्ख. खूश झालो, खोटं कशाला बोलू. मग मी बसलो, इंजिन बंद केलं, पार्किंग बंद केले, स्विच दाबला. अंधार. पार्किंग लावले, लागली. बंद केले, गेली. विचारलं, "भाऊ, पार्किंगशिवाय लागत नाही का?" क्षणभरही न अडखळता म्हणाला, "तसं मुद्दाम ठेवलंय. तुम्ही लाइट विसरून गेलात तर बॅटरी उतरेल. पार्किंग बंद केले की हेही बंद. सेफ्टी आहे."

उत्तर तिथेच होतं. लाइट फ्यूज आणि रिलेमधून थेट बॅटरीवर असते, तर त्यांना पार्किंगशी काय देणंघेणं? टेललाइट पार्किंगबरोबरच लागतात, त्यांच्या वायरीतून करंट चोरला असेल तर या पट्ट्याही पार्किंगशिवाय लागणार नाहीत. शिवाय रिले असता तर स्विच दाबल्यावर बोनेटखालून 'टक्' असा बारीक आवाज आला असता. इंजिन बंद होतं, मी सीटवर होतो, आणि कसलाही आवाज आला नाही. ते न वाजलेलं टक् मला आता रात्री ऐकू येतं.

पण मला सांगा, कोणाला शंका आली असती? गेल्या पावसाळ्यात घोटीजवळ माझी बॅटरी खरंच उतरली होती, भरलेली गाडी चार जणांनी ढकलली होती. अशा माणसाला कोणी "बॅटरी उतरू नये म्हणून" म्हटलं की ते पटणारच. बॅटरीचं रडगाणं गप्पांमध्ये मीच त्याला ऐकवलं होतं. ही माणसं कान देऊन ऐकतात आणि आपलंच दुखणं आपल्याला औषध म्हणून विकतात.

काही दिवस बरे गेले. मग कसाऱ्यात उतरताना मीटरचे दिवे एकदम विझले. मागचा ट्रक जीव खाऊन हॉर्न मारतोय, मला कळेना का. बाजूला घेऊन बघतो तर टेललाइट बंद. घाटात, रात्री, मागून कंटेनरची रांग. तिथून पुढे इंडिकेटर चालू ठेवून रांगत गेलो, उशीर झाला, बाजार उतरला होता, १,२०० कापले.

फ्यूज उडाला होता. तो का उडाला त्याचं गणित सोपं आहे, नंतर मला समजावलं गेलं. माझ्या दोन्ही पट्ट्या मिळून पाच मीटर, मीटरला १४.४ वॅट, म्हणजे ७२ वॅट. १२ व्होल्टला ६ अँपिअर. टेललाइटचे बल्ब, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचे दिवे आधीच त्या लाइनवर. फ्यूज १० अँपिअरचा. तो सदोदित काठावर चालणार आणि कधीतरी जाणार.

परत त्याच्याकडे गेलो. (हो, त्याच्याचकडे. वॉरंटी होती ना, सहा महिन्यांची, तोंडी!) त्याने व्होल्टमीटर लावल्यासारखं केलं, मान हलवली. "दादा, तुमच्या अल्टरनेटरचा व्होल्टेज वर-खाली होतोय. एलईडीला व्होल्टेज स्थिर ठेवणारं मॉड्यूल लागेल." इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास दिसतंच, निरोगी गाडीत तेच असतं, पण मीटरवरचा आकडा बोटाने दाखवला की आपण गप्प. मॉड्यूलचे १,९००. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, दोन वायरी आत, दोन बाहेर. त्याच वेळी त्याने फ्यूजही बदलला, हे तो बोलला नाही.

मग एक दिवस यार्डात भरताना प्लास्टिक जळाल्याचा वास आला. सगळ्यांनी आधी शेजारच्या गाडीकडे बघितलं. वास माझ्याच हौद्याखालून. बॅटरीची तार ओढून काढली म्हणून वाचलो.

सातपूरच्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. मामा म्हणतात त्यांना सगळे. जास्त बोलत नाहीत. त्यांनी फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "रंग सांग." हिरवा. "इथे लाल पाहिजे." लाल म्हणजे १०, हिरवा म्हणजे ३०. फ्यूज उडतोय म्हणून त्या नालायकाने तिप्पट क्षमतेचा बसवला. फ्यूज वायर वाचवायला असतो. वायर बारीक आणि फ्यूज तगडा असेल तर आधी वायर जळते, आणि तेच झालं. पत्र्याच्या भोकातून वायर ग्रोमेटशिवाय ओढलेली, कडेला घासून सोलली, बॉडीला टेकायला लागली. लाल फ्यूज असता तर तिथेच उडाला असता. हिरवा ढिम्म बसून राहिला.

मग त्यांनी वायरीचं टोक ब्लेडने खरवडलं. वरून लाल, आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियम, त्यावर तांब्याचा मुलामा. जाडीही अडीचच्या जवळपास नाही. जोड नुसते पीळ मारून टेप गुंडाळलेले. रिले कुठेच नाही. आणि तो १,९०० चा डबा? मामांनी पक्कडीत धरून करवतीने कापला. आत काळी घट्ट राळ भरलेली. ती फोडली तर एका बाजूने आत गेलेल्या दोन वायरी तशाच सरळ दुसऱ्या बाजूने बाहेर. मधे काहीही नाही. बोट लावून बघितलं, वायरीला जोडसुद्धा नाही. एवढी मेहनत राळ ओतण्यात घेतली, तेवढ्यात रिले बसवून झाला असता.

जळलेलं टेललाइटचं वायरिंग आणि नवीन काम मिळून मामांनी ४,६०० घेतले. बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतरात फ्यूज, मग रिले, अर्थिंगच्या जागी रंग खरवडून बोल्ट, प्रत्येक भोकात ग्रोमेट. आता पार्किंग बंद असले तरी लाइट लागतात, आणि टक् वाजतं. रस्त्यावर मात्र बंदच ठेवतो. मागे पांढरा उजेड सांडला तर मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यावर येतो.

त्या दुकानात पैसे परत मागायला गेलो तर ओळख दाखवेना. "कंपनीचं वायरिंग तुम्ही दुसरीकडे उघडलंत, वॉरंटी संपली." म्हणजे पुरावा बघायला डबा उघडला, हाच माझा गुन्हा.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्यांदा: "हे आमच्या हद्दीत येत नाही." दुसरीकडे: "लेखी अर्ज द्या." अर्ज दिला. "बिल?" त्याने दिलेला कागद पुढे केला. "हे बिल नाही, वरती एस्टिमेट लिहिलंय." खरंच लिहिलंय, बारीक अक्षरात, जीएसटी नंबर नाही, सही नाही. पैसे यूपीआयने दिले ते दाखवले, तर क्यूआर कोड भलत्याच माणसाच्या नावाचा. "मग या माणसाने तुम्हाला काय फसवलं?" असा उलटा प्रश्न. नंतर ठरलेलं वाक्य: "हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, साहेब, तांबं सांगून अ‍ॅल्युमिनियम घातलं, राळेचा डबा मॉड्यूल म्हणून विकला, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? तर एक जण हसून म्हणाला, "४२० लावायचं का?" ४२० आता राहिलंय कुठे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, फसवणुकीचं कलम ३१८. हे मी सांगितल्यावर मला बाकड्यावर बसवून ठेवलं. लिलावाची वेळ झाली, उठून आलो. कापलेला डबा टेबलावर ठेवला होता, त्याकडे एकानेही ढुंकून बघितलं नाही.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. एका सरकारी खिडकीवरच्या बाईंनी तर कमाल केली: "पिवळी नंबरप्लेट म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही." मी घरी आलो, कायदा वाचला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. गाडी मी स्वतः चालवतो, हीच माझी भाकरी. कोणी तुम्हाला नंबरप्लेटचा रंग दाखवून परत पाठवलं तर हलू नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील लागतोच असंही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा.

आणि एस्टिमेटवर पैसे देऊ नका, पक्कं बिल मागा. नाव न जुळणारा क्यूआर दिसला की पैसे थांबवा. वायर दुकानातून स्वतः आणा, ब्लेड खिशात ठेवा. काम झाल्यावर इंजिन आणि पार्किंग दोन्ही बंद करून स्विच दाबा. फ्यूजबॉक्सचा फोटो काम करायच्या आधी काढा आणि नंतर रंग जुळवा, याला एक मिनिटही लागत नाही.

दुकान अजून चालू आहे, फळाही तसाच आहे. माझी तक्रार जिल्हा आयोगासाठी तयार होतेय. मामांनी वायरीचा तुकडा, हिरवा फ्यूज आणि कापलेल्या डब्याचे दोन्ही भाग पिशवीत घालून दिलेत. द्वारकेच्या बाजूला काम करून घेतलेल्या कोणाच्या गाडीत असा काळा मॉड्यूल बसवलेला असेल, तर तो काढून कापून बघा. आत सरळ वायर निघाली तर फेकू नका आणि त्याच्याकडे परत नेऊ नका. यार्डात संध्याकाळी मेथीच्या बाजूला मी असतो, तिथे घेऊन या. एकाच दुकानाचे दोन डबे समोर ठेवले तर "तुम्हाला काय फसवलं" हे विचारणं जरा अवघड जाईल.