मालमत्ता कर आणि जीएसटी भरपाई: नागपूर महापालिकेचे दोन आधार
शहरात येणाऱ्या मालावरच्या जकातीची जागा २०१३ मध्ये स्थानिक संस्था कराने घेतली आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर तोही गेला, तेव्हा २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने वाढणारी, बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्याच्या कायद्याने ठरली. ही रक्कम महापालिकेला वसुलीविना दरमहा मिळते. मात्र इतवारीतला व्यापार दुप्पट झाला तरी त्यापायी तिच्यात एका रुपयाचीही भर पडत नाही. मालमत्ता कर शहराबरोबर वाढतो. मनीषनगरात नवी इमारत उभी राहिली की करपात्र मूल्य वाढते, पण आकारणी, हरकती, थकबाकी आणि (निवडणूक जवळ आली की) दरवाढीची धास्ती पालिकेच्याच वाट्याला येते. तरीही मला हाच कर अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्याबद्दल नगरसेवकाला जाब विचारता येतो.