ऑनलाइन विक्रीचं ॲप : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, आमचं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या विक्री ॲपवर माल चढवला. हा अनुभव दुकानदाराच्या बाजूचा आहे.

सुरुवातीला खरंच छान चाललं. कमिशन माफक, पैसे दर आठवड्याला खात्यात, आणि काही अडलं तर फोनवर मराठीत बोलणारा माणूस. आमची कापशी (कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार) थेट गुवाहाटीला गेली. सुभाषनगरातल्या कारागिरांना एरवी मंदी असते त्या दिवसांतही काम देता आलं.

मग या ॲपशी टक्कर देणारं एक लहान ॲप बंद पडलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा माल तिथंही होता. तेव्हापासून इथलं वारं फिरलं. फोनवरचा माणूस गेला, ठरावीक उत्तरं देणारा चॅट आला. कमिशन थोडंच वाढलं, खरा फटका बसला तो जागेचा. आधी अभिप्राय चांगले असले, माल वेळेत पोचला की यादीत वर दिसायचो. आता ती जागा जाहिरातीचे पैसे भरून घ्यावी लागते. आमच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकून शोधा, वर येतात त्या पैसे भरलेल्यांच्या रेक्झिनच्या, गमानं चिकटवलेल्या चपला, 'कोल्हापुरी' म्हणून! कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, त्याला इथं काडीची किंमत नाही. याचा मला फार राग येतो.

वळवाच्या पावसानंतर एक जोड परत आला. चामडं पाणी पिऊन फुगलेलं, वेणी सैल, तळाला चिखल. कारण लिहिलेलं, 'साइज बसला नाही'. फोटो पाठवले, तक्रार न वाचताच बंद केली असावी. जाण्यायेण्याचा खर्च आमच्याच हिशेबातून कापला.

मोठ्या कंपन्यांचं हे जुनंच आहे. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ च्या शोधनिबंधात स्वतःच लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच. पुढे त्याच कंपनीची मुख्य कमाई जाहिरातींची झाली. २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात तिला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. गिऱ्हाइकाला आणि विक्रेत्याला जायला दुसरं दार उरलं नाही, की त्यांना सांभाळायची कंपनीला गरजच राहत नाही. आमच्या ॲपवर ते लहान ॲप बंद पडल्यावर हेच झालं.

पाचपैकी दोन तारे. ते दोन लग्नसराईतल्या ऑर्डरींसाठी, त्या तिथूनच आल्या. कापशी मात्र तिथून काढून घेतली. साधे जोड ठेवलेत, जाहिरात आणि परतीचा खर्च किमतीत धरून. नव्यानं येणाऱ्या दुकानदारांनी सुरुवातीच्या कमिशनवर भाव बांधू नये. आणि हिशेबाचा कागद दर आठवड्याला उतरवून ठेवा, जुने महिने ॲपवर दिसेनासे होतात.