ट्यूब ॲम्पची भणभण: गेट लावावा की मूळ शोधावं?

ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर (वाल्व्हवर) चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, भणभणत असेल तर आधी गिटारची केबल त्यातून काढून बघा. भणभण थांबली तर दोष ॲम्पमध्ये नाहीच. सिंगल-कॉइल पिकअप (गिटारवरचं, तारेचं कंपन पकडणारं एकच वेटोळं), जवळची कूलरची मोटर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, असं काहीतरी असतं. गिटार हातात धरून जागच्या जागी फिरलात तर एका दिशेला हा आवाज बराच पडतो. अशा वेळी नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं उपकरण, हा चांगला उपाय आहे. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून वाजवणं शक्यच नसतं. शिवाय कुणी फार चढ्या गेनवर (सिग्नल खूप वाढवून), तुटक आणि वेगवान रिफ (छोट्या सुरावटी) वाजवत असेल तर त्याला गेट लागतोच; तेवढ्या गेनला निर्दोष ॲम्पही सर्र करतो.

प्रश्न येतो तो केबल काढूनही आवाज राहिला तर.

गेट कुठे बसवता यावर सगळं अवलंबून आहे. ॲम्पच्या आधी ठेवला तर तो फक्त गिटार आणि पेडल गप्प करतो. इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या मध्यावर पेडल जोडायच्या जागेत) ठेवला तर प्रीॲम्पची, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या विभागाची, सर्र झाकतो, पण जुन्या धाटणीच्या बऱ्याच ॲम्पना लूपच नसतो. पॉवर विभागातली गुणगुण मात्र कुठल्याच गेटच्या हाती लागत नाही, कारण ती त्याच्या पुढे तयार होते.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नाही चालवून घेता आलं ते स्वराचं शेवटचं टोक. मी संथ वाजवतो. तार ओढून स्वर वर नेतो आणि त्याला आपापला विरू देतो. ट्यूब ॲम्प घेतला तो मुळात त्या विरण्यासाठीच. गेट नेमका तिथे मिटतो. थ्रेशोल्ड (गेट मिटण्याची पातळी) खाली आणला की भणभण परत, वर नेला की स्वर मध्येच कापला जातो. गिटारचा व्हॉल्यूम उतरवून हळू वाजवलं तर काही स्वर उमटतच नाहीत. आणि गेट उघडला की स्वरासोबत सर्रही आत येते, मिटला की जाते. सलग सर्र कानाला सवयीची होते, ही ये-जा होत नाही. महागड्या गेटमध्ये हा त्रास कमी असेलही, पण माझ्या कानाला तो कुठेच पूर्ण गेलेला वाटला नाही.

मूळ शोधायला वेळ लागतो, हे खरं. पण बरंचसं काम ॲम्प न उघडता होतं. व्हॉल्यूम फिरवल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर दोष त्या नॉबच्या आधी, नसेल तर नंतर. मग ॲम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर, इनपुटजवळची पहिली ट्यूब काढा आणि पुन्हा सुरू करा. आवाज गेला तर दोष त्या ट्यूबमध्ये किंवा तिच्या आधी. राहिला तर पुढच्या ट्यूबकडे जा. पॉवर ट्यूबना (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या ट्यूबना) यात हात लावू नका. चालू ॲम्पमध्ये पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर जी प्रीॲम्प ट्यूब स्पीकरमधून खणखणते किंवा शीळ घालते, ती बदलायची. १२एएक्स७ (नेहमीची प्रीॲम्प ट्यूब) बदलताना बायस (ट्यूबमधला स्थिर प्रवाह) लावावा लागत नाही.

गुणगुण खर्जातली, ५० हर्ट्झची असेल तर हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) वायरिंग किंवा अर्थिंग बघावं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याची माती कोरडी पडते, तिला पाणी घालत राहावं. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका. ती जीव वाचवते. १०० हर्ट्झची करकरीत भणभण बहुतेकदा फिल्टर कपॅसिटरची (पॉवर सप्लायची वीज सपाट करणाऱ्या भागाची) असते. तापमान १० अंशांनी चढलं की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं असं मानतात. पारा ४५ वर जाणाऱ्या गावात, आधीच तापणाऱ्या डब्यात त्यांचं काय होत असेल ते उघड आहे. ॲम्प तापल्यावरच कडकड सुरू होत असेल तर मला पहिला संशय प्लेट रेझिस्टरचा (ज्यातून ट्यूबच्या प्लेटला वीज मिळते त्या रोधाचा) येतो. जुना कार्बनचा काढून त्याच मूल्याचा, योग्य वॅट आणि व्होल्टेजचा मेटल फिल्म टाकला की पुष्कळदा भागतं.

हीटरची वायरिंग, कपॅसिटर आणि रेझिस्टर ही कामं मात्र मेकॅनिकचीच. आत बऱ्याचदा ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतात. वाल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेला जुना माणूस मिळाला तर उत्तम. त्याला या व्होल्टेजची जाण असते. ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नका. ‘पहिली ट्यूब काढली तरी राहतो, व्हॉल्यूमने बदलत नाही’ असं सांगा, म्हणजे तो थेट पॉवर सप्लायकडे वळेल.

ॲम्प नेण्याआधी एक जादा १२एएक्स७ मागवून ठेवा. ती बऱ्या गेटपेक्षा स्वस्त पडते. ती बदलूनही प्रीॲम्पची सर्र उरली, तर गेटचा विचार तेव्हा करता येईल.