रस्ता सुरक्षा मोहीम: सरकारी निधी की गावची वर्गणी?

दापोली-गुहागरच्या किनारी रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मोहीम काढायची, तर पैसा कुठून आणायचा?

एक वाट जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची. अध्यक्ष जिल्हाधिकारी; पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग एकत्र. धोक्याच्या वळणावरचा फलक किंवा गतिरोधक याच वाटेनं होतो. पण मंजुरीला वेळ लागतो आणि जागृतीचा भर जानेवारीतल्या अभियानावर. आपल्याकडे खरा धोका जुलैत: धो धो पाऊस, काळी छत्री, साइडपट्टीवर गुडघाभर गवत, म्हणून शाळेची मुलं थेट डांबरावरून चालतात.

दुसरी वाट वाडीची वर्गणी आणि मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची मदत. रक्कम लहान, पण मे महिन्यात चाकरमानी गावात असतानाच बैठक होते. शाळा उघडायच्या आत मुलांच्या दप्तरांना आणि पाववाल्याच्या सायकलीच्या मागच्या मडगार्डला चकाकणारी पट्टी लागते. शिमग्यात पालखी रात्री रस्त्यानं जाते. पुढे-मागे बॅटरी घेऊन कुणी चालायचं, हे गावानंच ठरवायचं असतं. पत्रकानं ते होत नाही. हिशेब मात्र ग्रामसभेत वाचलाच पाहिजे.

माझं मत: सुरुवात वर्गणीनं करा आणि धोक्याच्या वळणांची यादी ग्रामपंचायतीच्या ठरावासह समितीकडे धाडा.